गावात आर्मेनियन चर्च नाही? सुरुवातीची तयारी

अमेरिकेतल्या एखाद्या शहरात आर्मेनियन कुटुंबं आहेत, पण चर्च गाडीने चार तासांवर. अशा वेळी आपल्याच शहरात उपासना सुरू करायची तर पहिलं काम म्हणजे माणसं शोधणं. आडनावाच्या शेवटी ‘यान’ दिसलं की नाव टिपून घ्या. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुली त्यात सापडायच्या नाहीत, त्यांचा पत्ता आज्यांनाच विचारा. कोण बैरुतचं, कोण तेहरानचं, कोण बाकूहून येऊन घरात रशियन बोलणारं, हेही लिहा. गप्पा कुठल्या बोलीत मारायच्या यावरून कुरबुरी होतील. उपासनेत ती अडचण नाही. ती ग्रबार या जुन्या भाषेत चालते आणि ती फारशी कोणालाच कळत नाही.

मग नाजूक प्रश्न: जायचं कोणाकडे? आर्मेनियातल्या एच्मियाद्झिन धर्मपीठाच्या अखत्यारीतल्या डायोसिसकडे (बिशपच्या कारभाराकडे), की लेबनॉनमधल्या अंतिलियास धर्मपीठाशी जोडलेल्या प्रेलसी या वेगळ्या कारभाराकडे? श्रद्धा एक, विधी एक. पण १९३३ साली न्यूयॉर्कच्या चर्चमध्ये आर्चबिशप तूरियान यांचा खून झाला, त्या काळातली फूट अजून सांधलेली नाही. वर्गणीचा पहिला डॉलर घेण्याआधी हे ठरवा आणि बिशपना पत्र लिहा. त्यांच्या परवानगीशिवाय फादर येणार नाहीत.

नोंदणी, बँक खातं, विमा ही कामं एखाद्या हिशेबी माणसावर सोपवा. जागेसाठी एपिस्कोपल (अमेरिकेतल्या अँग्लिकन) चर्चला विचारा, रविवारी दुपारी त्यांची वेदी रिकामी असते. वेदीपुढे पडदा लावता येईल का, हे आधी बघा. तो उपासनेचाच भाग आहे आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात बंद राहतो. वेदीवर ठेवायचा अभिषिक्त दगड, म्हणजे वेमकार, फादर घेऊन येतात का ते विचारून ठेवा. भाकर बिनखमिराची लागते आणि द्राक्षारसात पाणी मिसळत नाहीत, हे यजमान चर्चच्या मदतनिसांना सांगून ठेवलेलं बरं.

सगळ्यात जास्त वेळ खातात ते डीकन (उपासनेत फादरना साथ देणारे सेवक) आणि गायक, म्हणून त्यांची तयारी आजच सुरू करा. बादाराक, म्हणजे भाकर-द्राक्षारसाची मुख्य उपासना, ही फादर, डीकन आणि गायकवृंद यांची सतत चाललेली देवाणघेवाण; एकटे फादर ती निभावू शकत नाहीत. संगीतकार येकमालियानची चार आवाजांची रचना मोहात पाडते, पण चार जणांनी एका सुरात साधी चाल धरली तरी भागतं.

फादर महिन्यातून एकदाच येणार असतील तर तारखा आत्ताच मागून घ्या. नाताळ ६ जानेवारीला असतो, त्याच दिवशी क्रूस पाण्यात बुडवून पाण्याला आशीर्वाद देतात आणि त्या क्रूसासाठी धर्मपिता ठरवावा लागतो. ऑगस्टच्या मध्याला द्राक्षांचा आशीर्वाद, २४ एप्रिलला १९१५ च्या आर्मेनियन नरसंहाराचं स्मरण.

इमारतीची घाई नको. अमेरिकेतलं पहिलं आर्मेनियन चर्च मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरचं; तिथे धर्मगुरू १८८९ मध्ये आले, चर्च १८९१ मध्ये. उलट मुंबईत फोर्टमधलं १७९६ चं सेंट पीटर्स उभं आहे, आर्मेनियन मात्र जवळपास उरले नाहीत. तूर्त भाडेकरार वर्षावर्षाने करा आणि स्वयंपाकघर वापरायची मुभा त्यात लिहून घ्या. मदाघाच्या, म्हणजे अर्पणाच्या जेवणाच्या, दिवशी मेंढ्याचं मटण शिजवून सगळ्यांना फुकट वाढायचं असतं.