शोषखड्डा खणण्याआधी माती किती पाणी पिते ते असं तपासा

आमच्या मुंबईतल्या सोसायटीत कंत्राटदाराने गेटजवळ शोषखड्डा, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा, खणला. जूनमध्ये तो तुडुंब भरला आणि दसऱ्यापर्यंत तसाच राहिला. डासांची मात्र चंगळ झाली. खाली चिकणमाती होती, पण खणण्याआधी कुणी बघितलंच नव्हतं. बघायला काय लागतं? एक कुदळ, फूटपट्टी, चार बादल्या पाणी आणि एक रविवार.

आधी जागा ठरवा. मुंबईची जमीन गल्लीगणिक बदलते. डोंगराच्या बाजूला बसाल्टवरचा मुरूम लागतो, खाडीकडे काळा चिखल, आणि मधे कुठेही भराव, म्हणजे डेब्रिज, विटा, प्लॅस्टिक, काहीही. त्यामुळे शेजारच्या बिल्डिंगचा अनुभव धरून चालू नका. इमारतीच्या पायापासून दूर राहा आणि केबल किंवा गॅसची पाइप कुठून गेली आहे ते आधी विचारून घ्या.

खड्डा ज्या खोलीवर होणार, तिथली मूठभर माती काढा. ढेकळं फोडून काचेच्या बरणीत एक तृतीयांश भरा, वर पाणी आणि चिमूटभर कपडे धुण्याची पावडर घालून खळखळून हलवा. रेती मिनिटा-दोन मिनिटांत तळाला बसते, गाळाला दोन-चार तास लागतात. दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ असेल तर ती चिकणमाती. गंमत म्हणजे चिकणमातीत एकूण पोकळी रेतीपेक्षा जास्तही असू शकते, पण ती इतकी बारीक असते की पाणी अडकून बसतं. ढोबळ हिशेब असा, की रेतीचे कण दहापट बारीक झाले की पाणी शंभरपट हळू जातं.

आता खरी परीक्षा. त्याच खोलीवर फूटभर रुंद, फूटभर खोल खड्डा घ्या. कुदळीच्या फटक्याने ओल्या मातीच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात, त्या खिळ्याने खरवडा. तळाला दोन इंच खडी टाका, काठोकाठ पाणी भरा आणि वर प्लायवूड ठेवून रात्रभर सोडा. ही रात्र चुकवू नका. कोरडी माती आधी अधाशासारखी पाणी ओढते, मग चिकणमाती फुगते, भेगा बुजतात. पहिल्या तासाचा आकडा फसवा असतो.

सकाळी खडीच्या वर सहा इंच पाणी ठेवा. दर अर्ध्या तासाला किती उतरलं ते मोजा आणि प्रत्येक वेळी पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरा. आंरी दार्सी या फ्रेंच इंजिनियरने १८५६ मध्ये वाळूच्या थरांवर हेच मांडलं: पाण्याचा दाब वाढला की प्रवाह त्याच प्रमाणात वाढतो. म्हणून खूण एकच हवी. आमच्या मागच्या अंगणात आकडे आले ३८, २२, १४, १३, १३ मिलिमीटर. शेवटचे स्थिर आकडेच खरे, म्हणजे तासाला २६.

तासाला २५ मिलिमीटरच्या वर असेल तर जागा चांगली. १२ च्या खाली असेल तर पैसे पाणी साठवायच्या टाकीवर घाला.

पण २६ ऐकून हुरळून जाऊ नका. एक चौरस मीटर तळातून तासाला २६ लिटर मुरतं, बाजूंनी थोडं जास्त. २०० चौरस मीटर गच्चीवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर १०,००० लिटर येतं! म्हणजे खड्ड्याआधी टाकी आणि खड्ड्यातून गटारात ओव्हरफ्लो हवाच. सेक्रेटरींना हा हिशेब कागदावर दाखवा, तोंडी सांगून पटत नाही.

मे महिन्यातल्या आकड्यावर कंत्राट देऊ नका. जुलैमध्ये उघडीप मिळाली की तीच परीक्षा पुन्हा करा. तेव्हा भूजल वर आलेलं असतं, खाडीजवळ भरतीचाही परिणाम दिसतो. खड्ड्यात खालूनच पाणी येत असेल तर ती जागा सोडा. मोजून झालं की खड्डा त्याच दिवशी बुजवा, पोरं क्रिकेटच्या बॉलमागे तिथेच धावतात.