बुजरा घोडा दाबाला घाबरतो? लगाम-टाच शिकवताना या चुका टाळा

वरातीत फिरून फिरून बिथरलेला घोडा लग्नसराई संपल्यावर स्वस्तात मिळतो, म्हणून कुणी घेतं. कुणी सारंगखेड्याच्या यात्रेतून जवान घोडा आणतं. गोठ्यात बांधल्यावर खरी कहाणी सुरू होते. कानाजवळ हात नेला की डोकं वर, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळायला घेतला की दात, आणि वर बसलं की पांदणीतून थेट वावरात. मग बघायला आलेले सांगतात, "मस्तावला हाय तो, दोन हाणा त्याले."

असा घोडा बहुतेक वेळा मस्तावलेला नसतो, भ्यालेला असतो. भ्यालेल्याला मारलं की त्याची खात्रीच पटते, की माणूस जवळ आला म्हणजे दुखणार.

आधी दुखणं बघा

दाबाला, म्हणजे लगामाच्या ताणाला किंवा टाचेला, नकार देणाऱ्या घोड्याची पाठ, तोंड आणि खूर तपासल्याशिवाय शिकवायला घेऊ नका. आयाळ संपते तिथपासून कमरेपर्यंत मणक्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठा हलका दाबत न्या. एखाद्या जागी कातडी थरथरली, पाठ खाली गेली किंवा कान मागे पडले, तर तिथे दुखतंय, बहुधा खोगीर लागतंय. लगामाची कडी पुढच्या आणि मागच्या दातांच्या मधल्या मोकळ्या हिरडीवर बसते. तिथे हाडावर पातळ कातडीच असते. काटेरी कडीने ती फाटते आणि पुढे मऊ हातालाही घोडा डोकं झटकतो. गाडीच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी असलेल्या १९६५ च्या नियमांनीच काटेरी कडीला बंदी आहे, तरी ती अजून वापरात दिसते. तुमच्याकडे असेल तर आजच काढून टाका. दात किंवा पाठीबद्दल शंका असेल तर पशुवैद्यकाला दाखवा. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेता आलं तर उत्तम.

सगळ्यात मोठी चूक: दाब सोडायची वेळ चुकणं

घोडा दाब दिल्याने शिकत नाही. दाब सुटतो त्या क्षणी तो काय करत होता, ते तो शिकतो. बाकीच्या निम्म्या चुका ही गोष्ट न कळल्यामुळे होतात.

म्होरकीच्या (डोक्यावर बांधायच्या, तोंडात कडी नसलेल्या दाव्याच्या) दोरीवर हे शिकवून बघा. घोड्याच्या डाव्या खांद्याजवळ उभे राहा आणि दोरी बोटांत धरून पुढच्या बाजूला हलका ताण द्या. तो आधी मान ताठ करेल, नाक वर काढेल. ताण वाढवू नका आणि सोडूही नका, नुसते थांबा. आता त्याच्या पुढच्या पायांकडे लक्ष ठेवा. पाऊल उचलण्याआधी वजन सरकतं, खांद्याचा स्नायू हलतो, मान जराशी सैल पडते. पाऊल पडायची वाट बघू नका. तिथेच दोरी पूर्ण ढिली करा आणि काही क्षण त्याला काहीच मागू नका. तो ओठ चाटेल, डोकं खाली आणेल, मोठा श्वास सोडेल. मग पुन्हा तेच करा. थोड्या वेळात ताण लागायच्या आधीच पाऊल पुढे येऊ लागतं.

आता उलटी बाजू बघा. घोडा मागे ओढतोय आणि तुम्ही घाबरून दोरी सोडली, तर मागे ओढलं की सुटका होते, हे तो पक्कं शिकला. तो पुढे आला तरी तुम्ही ओढतच राहिलात, तर काहीही केलं तरी सुटका नाही हे शिकला. हा दुसरा धडा जास्त वाईट आहे.

डाव्या बाजूने जमलं की उजव्या बाजूने पुन्हा पहिल्यापासून शिकवा. बहुतेक लोक हे करतच नाहीत आणि मग उजवीकडून कुणी आलं की घोडा उडतो कसा, याचं नवल करतात.

बांधून ठेवून भीती मोडणं

वरातीची सवय व्हावी म्हणून घोडा खुंट्याला घट्ट बांधायचा आणि शेजारी फटाके लावायचे, ताडपत्री फडफडवायची. हा प्रकार बंद करा. जीव खाऊन मागे ओढताना मानेला कायमची इजा होऊ शकते. शेवटी घोडा गप्प उभा राहतो आणि लोक म्हणतात, "झाला बघा शांत." तो शांत झालेला नसतो, त्याने हात टेकलेले असतात. डोळा एका जागी थिजलेला, जबडा आवळलेला, कान हलत नाहीत. असा घोडा एक दिवस अचानक फुटतो, आणि तेव्हा पाठीवर बहुधा नवरदेव असतो.

ताडपत्री इतक्या लांब धरा, की घोडा बघेल पण कुटार खाणं थांबवणार नाही. त्याने बघून मान वळवली की तुम्हीच मागे व्हा. मग एक पाऊल जवळ या, पुन्हा मागे व्हा. बँडचा आवाज मोबाइलवर बारीक लावून चारा टाकताना वाजवा आणि कित्येक दिवसांत हळूहळू वाढवा. पोळ्याच्या गर्दीत पहिल्यांदाच नेऊन परीक्षा घेऊ नका. बांधायचाच असेल तर खुंट्याला सुतळीचा फास घालून त्यात दोरी अडकवा. जोराचा हिसका बसला तर सुतळी तुटेल, मान वाचेल.

समोरून जाणं, थोपटणं

घोड्याला बाजूचं जवळजवळ सगळं दिसतं. कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या अगदी मागचं मात्र दिसत नाही. म्हणून आवाज देत, तिरपे, खांद्याकडे या. शाबासकी म्हणून मानेवर धपाधप थोपटणं बुजऱ्या घोड्याला मारच वाटतो. आयाळीच्या बुडाशी, खांद्याच्या उंचवट्यावर बोटांनी खाजवा. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात, आणि तिथे खाजवल्यावर हृदयाचे ठोके उतरतात हे मोजून पाहिलेलं आहे. तुम्हीही मोजू शकता. जबड्याच्या खालच्या कडेला नाडी लागते. निवांत उभ्या मोठ्या घोड्याचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४ असतात. खोगीर दिसताच ते साठच्या वर जात असतील तर आज बसायचा दिवस नाही.

पाठीवर बसल्यावर

तंग एका दमात आवळू नका. एक भोक आवळा, घोडा चार पावलं चालवा, मग दुसरं. ओट्यावरून किंवा दगडावरून चढा. जमिनीवरून रिकिबीत (पाय ठेवायच्या कड्यात) लटकून चढलं की खोगीर फिरतं आणि पाठ पिळली जाते. पहिले काही दिवस नुसते पोटावर आडवे टेका आणि उतरा, तो स्थिर असतानाच.

भ्यालेला स्वार टाचा आवळून धरतो आणि लगामही ओढतो. पुढे जा आणि थांब, दोन्ही एकदम. घोड्याला उत्तर सापडत नाही, म्हणून तो उभा तरी राहतो नाहीतर उधळतो. टाच लावताना लगाम ढिला, लगाम धरताना पाय सैल. पांदणीत पडलेल्या प्लास्टिकच्या पोत्यापाशी तो थबकला तर टाचांचा मारा करू नका. तोंड पोत्याकडे राहू द्या, बघू द्या, मागे वळू मात्र देऊ नका. एक पाऊल पुढे टाकलं की पाय सैल सोडा. फारच अडला तर उतरून हाताने पुढे न्या. त्याने तुमची इज्जत जात नाही.

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो. शिकवणं सूर्योदयाच्या आसपास दहा-पंधरा मिनिटांत उरका, आणि जमलेल्या गोष्टीवरच थांबा. घोडा मागच्या पायांवर उभा राहत असेल किंवा पाठीवरून फेकून देत असेल, तर एकट्याने बसू नका. दुखणं पुन्हा तपासा, म्होरकीच्या दोरीवर परत या, आणि कडी तोंडात न घालता काही आठवडे नुसतं सोबत चालवा.