अपॉस्ट्रॉफी कुठे द्यायची? आधी मराठीतला अनुस्वार बघा

इंग्रजी बोर्ड किंवा फ्लेक्स छापायला टाकण्याआधी मजकूर मराठीत म्हणून बघा. ‘चा-ची-चे’ आलंच नाही तर इंग्रजी शब्दाच्या शेवटचा एस नुसत्या अनेकवचनाचा आहे. साड्या, संत्री, पुस्तकं विकायची असतील तर सारीज, ऑरेंजेस, बुक्स यांत एसच्या आधी अपॉस्ट्रॉफीचं चिन्ह (’) नको. नागपुरात सीताबर्डीपासून इतवारीपर्यंत पाट्यांवर ही चूक फार दिसते.

‘चा-ची-चे’ आलं, की चिन्हाची जागा अनुस्वार सांगतो. ‘मुलीची खोली’ म्हणजे मुलगी एक: गर्ल, मग चिन्ह, मग एस. ‘मुलींचं होस्टेल’ म्हणजे मुली अनेक: आधी गर्ल्स पूर्ण लिहा, चिन्ह एसच्या नंतर. रजेच्या अर्जातही तसंच. ‘एका दिवसाची रजा’ असेल तर डे, चिन्ह, एस. ‘दोन दिवसांची’ असेल तर डेजच्या शेवटी चिन्ह. हे शेवटचं चिन्ह शिकलेली माणसंही गाळतात.

अनुस्वार दोनदा फसवतो. ‘काकूंचे डबे’ यातला अनुस्वार आदराचा आहे. काकू एकच, म्हणून चिन्ह एसच्या आधी. दुसरी अडचण विमेन, मेन, चिल्ड्रनची. ही अनेकवचनं एसशिवायच पूर्ण आहेत, म्हणून विमेन, चिन्ह, एस. चिन्ह शेवटी गेलं तर ‘विमेन्स’ हे अनेकवचन ठरतं, आणि तसा शब्दच नाही.

आय-टी-एस मात्र वेगळं. ‘त्याचं’ या अर्थी चिन्ह नको; हर्स, युअर्स, आवर्स यांनाही नको, मालकी त्यांच्यात आधीच आहे. ‘ते आहे’ म्हणायचं असेल तर टी आणि एसच्या मध्ये चिन्ह, कारण तिथला आय गळला. डोन्टमध्ये ओ गळतो, म्हणून चिन्ह एन आणि टीच्या मध्ये.

विशेषनामं जशी रूढ आहेत तशीच ठेवा. आपल्या किंग्जवे रस्त्याच्या नावात चिन्ह नाही, ते घालू नका.

डिझाइन करताना फॉन्ट तपासा. कृतीदेव निवडलेला असेल तर अपॉस्ट्रॉफीच्या कळीवर अर्धा ‘श’ उमटतो. इंग्रजी फॉन्ट घेऊनच ते चिन्ह टाका. १९९० हे साल ’९० असं आखूड लिहिताना वर्ड आपोआप उलटं, म्हणजे अवतरण सुरू करणारं चिन्ह देतं. विंडोजमध्ये ऑल्ट दाबून धरा आणि नंबर पॅडवर ०१४६ टाका, सुलटं चिन्ह येईल.