नेट बंद केलं, तरी बिल आलं तर

राजारामपुरीतलं घर सोडताना मी ब्रॉडबँड बंद केलं, राऊटरही परत दिला. दोन महिन्यांनी १,४१६ रुपयांचं बिल! राऊटर दिल्याची पावती होती, म्हणून निभावलं. सही-तारखेची पावती घेतल्याशिवाय न्यायला आलेल्या माणसाला दारातून सोडू नका. तिचा फोटोही काढून ठेवा.

फोनवर भांडत बसू नका. तक्रार नोंदवा, डॉकेट नंबर (तक्रारीचा नोंदणी क्रमांक) मागा, पावती ईमेलनं पाठवा. डिपॉझिटही परत मागा. उत्तर पटलं नाही, तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. तिथंही अडलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तरीही नाही सुटलं, तर जिल्हा ग्राहक आयोग; सेवेसाठी भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल, तर तिथं फीसुद्धा नाही.

वसुलीवाल्याच्या फोनला घाबरून पैसे मात्र भरू नका. आमच्या सासूबाई 'मिटवून टाकू या' म्हणत भरायलाच निघाल्या होत्या.