वॉर्डातलं इंग्रजी: इंग्लंडात नव्याने आलेल्या मराठी नर्सेससाठी

इंग्रजीच्या परीक्षेत, म्हणजे आयईएल्टीएसला सात किंवा ओईटीला बी ग्रेड, मग सीबीटी ही संगणकावरची परीक्षा, मग इथे येऊन ओस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा. एवढं सगळं पार करून तुम्ही वॉर्डात पाऊल टाकता, म्हणजे तुमचं इंग्रजी चांगलंच असतं. तरीही पहिले काही दिवस सकाळचा हँडओव्हर (रात्रपाळीने दिवसपाळीला पेशंटची माहिती सोपवणं) डोक्यावरून जातो, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. आपण नर्सिंग शिकलो ते जाड पुस्तकांच्या इंग्रजीत: व्हॉमिटिंग, सिंकोप, मिक्चुरिशन. इथली ऐंशीच्या घरातली आजी यातला एकही शब्द वापरत नाही. ती थ्रो अप म्हणते, पास आउट म्हणते, स्पेंड अ पेनी म्हणते. (पूर्वी सार्वजनिक संडासाच्या दाराला एक पेनीचं नाणं टाकायचं कुलूप असे, तिथून हा 'लघवीला जाणं' असा अर्थ आला.) डॉक्टरसुद्धा आपसात असंच बोलतात. क्रियापद साधं असतं, सगळी गोम अप, आउट, ऑफ, ओव्हर या मागून येणाऱ्या चिमुकल्या शब्दात असते. तो शब्द निसटला तर पेशंटला काय होतंय हेच कळत नाही.

'पास'पासून सुरुवात करा. पास आउट म्हणजे शुद्ध हरपणं. पास अवे म्हणजे वारणं. पास ऑन म्हणजे निरोप पुढे पोचवणं, पण नातेवाइकांच्या तोंडी तोच शब्द 'वारले' या अर्थानेही येतो, तेव्हा कोण काय बोलतंय याकडे लक्ष हवं. पास वॉटर म्हणजे लघवी होणं आणि पास विंड म्हणजे वायू सरणं. पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी पुन्हा चालू झाली का, हे पाहायला 'हॅव यू पास्ड विंड?' हे रोज विचारावं लागतं. ते न लाजता, स्पष्ट विचारायचं. इथे कोणालाही त्यात वावगं वाटत नाही. आपल्याकडे 'मी २०१८ला कॉलेजातून पास आउट झाले' असं सर्रास म्हणतात. इथे हे ऐकणाऱ्याला तुम्ही कॉलेजात बेशुद्ध पडलात असं वाटेल. 'आय क्वालिफाइड इन २०१८' म्हणा. तसंच 'पेशंट एक्स्पायर्ड' हे कायमचं सोडून द्या. एक्स्पायरी औषधाची असते, माणूस 'डाइड' किंवा 'पास्ड अवे'. 'लूज मोशन्स'ही इथे कोणी म्हणत नाही. पेशंट 'द रन्स' म्हणतो, आपण 'डायरिया' किंवा 'लूज स्टूल्स' म्हणायचं.

सगळ्यात जास्त सांभाळायचा शब्द 'ऑफ'. लहानपणापासून आपल्या कानाला ऑफ म्हणजे बंद. पण 'द पंप इज गोइंग ऑफ इन बे टू' असं कोणी ओरडलं तर दुसऱ्या 'बे'मधला (वॉर्डातल्या खाटांच्या कप्प्यातला) औषध सोडणारा पंप बंद पडलेला नसतो, त्याचा अलार्म वाजत असतो. जाऊन बघायचं असतं. दूध 'गॉन ऑफ' म्हणजे नासलं. पेशंट 'ऑफ हिज फूड' म्हणजे त्याची अन्नावरची वासना उडाली. 'द पेनकिलर इज वेअरिंग ऑफ' म्हणजे औषधाचा असर उतरत चाललाय. आणि 'शी इज ऑफ हर लेग्ज' हे ऐकलंत तर हातातलं काम बाजूला ठेवा. कालपर्यंत हिंडती-फिरती बाई आज उभी राहू शकत नाही, असा त्याचा अर्थ. म्हाताऱ्या माणसात त्यामागे इन्फेक्शन असू शकतं, औषधाचा परिणाम असू शकतो, पडून हाड मोडलेलंही असू शकतं. 'वयच झालंय' म्हणून सोडून देण्यासारखं ते लक्षण नाही.

आमच्या वॉर्डात एक हंगेरियन सहकारी आहे. २००४ साली हंगेरी युरोपियन युनियनमध्ये आली, त्यानंतर तिकडची पुष्कळ माणसं कामासाठी ब्रिटनमध्ये आली, त्यांतली ही एक. तिच्या भाषेत हे चिमुकले शब्द क्रियापदाच्या आधी चिकटतात. 'ऑद' म्हणजे देणं, त्याला 'फेल', म्हणजे 'वर', जोडलं की 'फेलॉद', म्हणजे हार मानून सोडून देणं. हुबेहूब इंग्रजी 'गिव्ह अप'. 'नेझ' म्हणजे पाहणं, 'लेनेझ' म्हणजे खाली पाहणं आणि तुच्छ लेखणंही, अगदी 'लुक डाउन ऑन'सारखं. आपल्याकडे असे शब्द पुढे चिकटत नाहीत, पण मागे दुसरं क्रियापद येतंच की! 'खाल्लं' आणि 'खाऊन टाकलं', 'बोलला' आणि 'बोलून बसला' यांतला फरक मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. तोच कान इथे वापरा. 'ईट अप' म्हणजे खाऊन टाका, 'यूज्ड अप' म्हणजे संपवून टाकलं. इथल्या 'अप'चा वर-खालीशी काही संबंध नाही, ते 'टाकणे'चं काम करतंय. याद्या पाठ करण्यापेक्षा असं मराठी जोडीदार शोधलेलं मला जास्त उपयोगी वाटतं.

वेळेच्या बाबतीत मात्र आपण तिच्यापेक्षा सुखी आहोत. हंगेरियनमध्ये 'अर्धा सहा' म्हणजे साडेपाच आणि इथे 'हाफ सिक्स' म्हणजे साडेसहा. तिकडून नवीन कोणी आलं की ती आधी हे बजावते. आपलं 'साडे' सरळ बसतं. तरीही औषधाची वेळ सांगताना आणि लिहिताना चोवीस तासांचं घड्याळच वापरा.

ऐकण्याची एक युक्ती सांगते. अशा जोडीत जोर बहुतेक वेळा मागच्या शब्दावर पडतो: 'ही पास्ड *आउट*'. आपण क्रियापद पकडायला जातो आणि तोवर मागचा शब्द निघून जातो. कान वाक्याच्या शेपटाकडे ठेवा. नाम झालं की जोर उलटा पुढे येतो: 'वुई हँड *ओव्हर*' पण '*हँड*ओव्हर'. बोलताना हिम, हर, इट हे मधे घालायचं: 'पुट इट ऑन', 'टर्न हिम ओव्हर'. 'टर्न ओव्हर हिम' म्हटलं तर ऐकणारा गोंधळतो.

आता माणसांबद्दल. इथली जुनी पिढी दुखणं अंगावर काढते आणि बोलतानाही लहान करून सांगते. 'नॉट टू बॅड' म्हणजे खरं तर 'ठीक आहे', पण त्यामागे बरं वाटत नसणंही लपलेलं असू शकतं. 'अ बिट सोअर' म्हणजे चांगलंच दुखतंय. 'आय डोन्ट वॉन्ट टू पुट यू आउट' म्हणजे तुम्हाला त्रास नको, आणि हे म्हणणाऱ्याला बहुधा मदत हवी असते. एकदा एक आजोबा खुर्चीत बसले होते, नाश्त्याचा ट्रे तसाच. 'आय हॅव कम ओव्हर ऑल फनी, लव्ह,' म्हणाले. शेजारची नुकतीच केरळहून आलेली मुलगी हसली, तिला वाटलं आजोबा गमतीत आहेत. कपाळावर घाम होता, ओठ पांढरे पडले होते. 'कम ओव्हर फनी' म्हणजे एकाएकी कसंतरी होणं. 'फनी टर्न' म्हणतात तेही तेच. आडवं करून बीपी घेतलं तर ते बरंच खाली गेलेलं. अशा वेळी अंदाज बांधू नका, सरळ विचारा: 'व्हेन यू से फनी, डू यू मीन डिझी, ऑर सिक, ऑर पेन?' दुखण्याला शून्य ते दहा आकडा विचारा. 'अ बिट सोअर' म्हणणारा माणूस शांतपणे आठ सांगतो.

डॉक्टरला फोन करताना वाक्प्रचारांच्या नादी लागूच नका. एसबारचा क्रम धरा: आत्ता काय झालंय, आधीचं काय, तुम्हाला काय वाटतं, काय हवंय. समोरून येणारे शब्द तेवढे ओळखीचे हवेत. 'आय विल राइट इट अप' म्हणजे औषध चार्टवर लिहून देतो, तोवर द्यायचं नाही. 'चेस अप द ब्लड्स' म्हणजे रक्ताच्या रिपोर्टचा पाठपुरावा करा. 'स्टेप डाउन' म्हणजे आयसीयूतून साध्या वॉर्डात हलवणं. 'पुट आउट अ क्रॅश कॉल' म्हणजे २२२२ फिरवा, कार्डिॲक अरेस्ट. नोंदींमध्ये साधी क्रियापदंच लिहा, आणि पेशंटने 'फनी' म्हटलं असेल तर ते अवतरणात त्याच्याच शब्दांत ठेवा.

गावागणिक थोडा फरक पडतो. आमच्या नॉटिंगहॅमकडे 'अय अप, मी डक' म्हणून हाक मारतात, त्यात फक्त माया असते. 'मार्डी' म्हणजे रुसलेला, किरकिरा. मिडलंड्सपासून वर उत्तरेकडे 'टी' म्हणजे पुष्कळदा संध्याकाळचं जेवण. डायबेटिक पेशंट 'आय हॅव हॅड मी टी' म्हणाला तर तो चहा प्यायला की जेवला, हे इन्सुलिन देण्याआधी विचारून घ्या.