कार्डिनल फ्लॉवर थंडीने मरत नाही. या चुका टाळा

न्यू जर्सीत एप्रिल उजाडला की फोन ठरलेला: "काका, तुमच्याकडून नेलेलं कार्डिनल फ्लॉवर थंडीत गेलं हो." अरे, ओढ्याकाठचं इथलंच झाड ते, बर्फ त्याला नवा आहे का? मी एवढंच विचारतो, "मल्च, म्हणजे बुंध्याशी आच्छादन, किती घातलंस?"

विचारतो, कारण मीही तेच केलंय. पहिल्या ऑगस्टात कमरेएवढे लालभडक तुरे आले. हमिंगबर्ड हा चिमुकला पक्षी फुलात चोच घालायचा तेव्हा फुलाची वरची नळी त्याच्या माथ्याला टेकायची. परागकण जातात ते असे. ऑक्टोबरात दांडा वाळला. मायेपोटी मी चार इंच लाकडाचा चुरा पसरला. एप्रिलमध्ये उकरलं तर खाली काळा, बुळबुळीत चिखल. दांडा वाळतो, पण बुंध्याशी पानांचे चपटे हिरवे झुबके फुटलेले असतात. पुढच्या वर्षीचं झाड म्हणजे तेच. हिवाळाभर त्यांना उजेड आणि हवा लागते. आता नोव्हेंबरात दर रविवारी गुडघे टेकून त्यांच्यावरची ओकची पानं बोटांनी बाजूला करतो. बायको म्हणते, नातवंडांचे केससुद्धा इतक्या हळुवार विंचरत नाही.

दुसरी चूक बियांची. मेथी पेरल्यासारखी माती लोटू नका. बी धुळीएवढं असतं आणि रुजायला उजेड मागतं. मी डिसेंबरात कुंडीतल्या ओल्या मातीवर भुरभुरवतो, तळव्याने दाबतो आणि कुंडी बाहेर गारठ्यात ठेवून विसरतो. पहिल्या वर्षी बहुधा नुसती पानंच येतात. तेवढा धीर नसेल त्याने खुशाल झेंडू लावावा.

कोरडी जागा नको. माझी रोपं पन्हाळीच्या तोंडाशी आहेत.

कीटकनाशक अजिबात नको. तीन-साडेतीन ग्रॅमचा तो हमिंगबर्ड फुलातल्या रसाबरोबर बारीक किडेही खातो.

झाड विषारी आहे, पोरांना पानं चघळू देऊ नका.

फुलं येईपर्यंत फीडर (हमिंगबर्डला साखरपाणी पाजायचं भांडं) टांगायचा तर एक वाटी साखर, चार वाट्या पाणी, बस. लाल रंग कशाला? मधही नको, लवकर बुरशी धरते.

मूळ रोप फार वर्षं जगत नाही. म्हणून वसंतात झुबके सुटे करून लावा आणि शरदात 'बाग स्वच्छ दिसावी' म्हणून वाळके दांडे कापत सुटू नका. बोंडं तपकिरी होऊन उकलली की मी दांडा वाकवून ओल्या मातीवर दोनदा झटकतो, मगच कात्री.