वडिलांच्या सातबाऱ्यावर मुलीचं नाव लावताना

वडील गेल्यावर वारस नोंद होते, उताऱ्यावर मुलीचं नाव दिसतं आणि घरचे निर्धास्त होतात. पण नाव कुठल्या रकान्यात आहे ते आधी बघा. कित्येक जुन्या उताऱ्यांवर भावांची नावं भोगवटादार सदरी, म्हणजे जमीन धारण करणाऱ्यांच्या रकान्यात, आणि बहिणींची 'इतर हक्कात' असतात, म्हणजे जिथे सोसायटीचा बोजा किंवा विहिरीचा हिस्सा लिहितात तिथे. वारस मुलीची जागा भोगवटादार सदरीच आहे.

कायद्याचं थोडक्यात. हिंदू वारसा कायद्यातल्या ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः मुलाइतका हक्क दिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये अशी दुरुस्ती आधीच केली होती, पण त्या वेळी लग्न झालेल्या मुली तिच्यातून वगळल्या होत्या. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेलं वाटप मात्र मोडता येत नाही. 'आमचं तोंडी वाटप तेव्हाच झालंय' एवढं म्हणून भागत नाही. त्याला त्या काळातला सरकारी कागद लागतो. वडिलांनी स्वतः घेतलेली जमीन मृत्युपत्राने दुसऱ्याला दिली नसेल, तर पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास वडिलांची आई असे सारखे वाटे पडतात. (हे नियम हिंदू, बौद्ध, जैन व शीख कुटुंबांचे. अनुसूचित जमातींना हा कायदा थेट लागू नाही.)

अर्ज तलाठ्याकडे करायचा. पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय. ई-हक्क प्रणालीतून घरबसल्याही करता येतो. मुदत तीन महिन्यांची आहे, पण उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. सोबत मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ (खात्यावरच्या एकूण जमिनीचा उतारा), आधार आणि सर्व वारसांची नावं, वयं, नाती, पत्ते लिहिलेलं प्रतिज्ञापत्र. गोष्टी अडतात त्या इथेच. मुलीच्या आधारवर सासरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावर माहेरचं असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला जोडा आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्रात लिहा. पत्ता सासरचाच द्या. माहेरचा दिला तर नोटीस तिथे जाते, दुसराच कुणी सही करून घेतो आणि बहिणीला फेरफार, म्हणजे हक्कातल्या बदलाची नोंद, मंजूर झाल्यावर कळतं.

अर्जानंतर फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. 'आपली चावडी' या संकेतस्थळावर गाव निवडून प्रलंबित फेरफार पाहता येतात. वडील वारल्यावर काही महिने तिथे अधूनमधून नजर टाकावी. भावाने बहिणीचं नाव वगळून अर्ज केला असेल, तर याच पंधरा दिवसांत लेखी हरकत द्या आणि पोहोच घ्या. तोंडी सांगितलेल्या हरकतीचा पुढे पुरावा राहत नाही. लेखी हरकत आली की फेरफार तक्रारी (वादाचा) ठरतो, सुनावणी लागते आणि तलाठ्याला तो परस्पर निकाली काढता येत नाही.

दुसरी अडचण 'एकुमॅ'ची. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून थोरल्या भावाचं एकट्याचं नाव लावण्याची पद्धत होती. अशी नोंद असेल तर तो जमिनीचा एकटा मालक ठरत नाही. जुना फेरफार काढून त्यातले वारस बघा आणि 'एकुमॅ' कमी करून सगळ्यांची नावं लावण्याचा अर्ज द्या. फेरफारात नाव आहे पण उताऱ्यावर उतरलं नाही, अशी निव्वळ लेखनाची चूक असेल तर महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदार दुरुस्त करतात. फेरफारातूनच नाव वगळलं असेल तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करावं लागतं. त्याची मुदत ६० दिवस. उलटली असल्यास विलंब माफीचा अर्ज, उशिराच्या कारणासह.

हक्कसोडपत्राबद्दल (आपला वाटा सोडल्याच्या दस्ताबद्दल) आमचं मत कडक आहे: दिवसकार्यात कुठल्याही कागदावर सही करू नये. 'कर्जासाठी संमती हवी' म्हणून पुढे केलेला कागद हक्कसोडपत्र निघू शकतो. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं हक्कसोडपत्र मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही. फसवणूक किंवा दडपण दिवाणी न्यायालयात सिद्ध करावं लागतं. उलट, स्टॅम्प पेपरवर लिहून फक्त नोटरी केलेल्या हक्कसोडीने जमिनीतला हिस्सा जात नाही. अशा कागदावरून फेरफार धरला असेल तर हरकत घ्या.

नाव लागलं म्हणजे वाटणी झाली असं नाही. तहसीलदाराकडे महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप सर्व सहधारकांच्या संमतीने होतं. संमती नसेल तर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा. तोवर भोगवटादार सदरातल्या नावाचे फायदे आहेतच: भूसंपादनाच्या मोबदल्यात हिस्सा मिळतो, तिच्या सहीशिवाय तिचा वाटा विकता येत नाही, आणि शेतकरी असल्याचा पुरावा हाती असल्याने तिला राज्यात दुसरी शेतजमीन घेता येते. फेरफार प्रमाणित झाला की १५ रुपये भरून डिजिटल सहीचा ताजा उतारा काढा आणि नाव, रकाना, हिस्सा ताडून पाहा.